दौलताबादचा मेंढा आणि युरोपातील छापचित्रांतले पशू

चित्रातील अथवा शिल्पातील एखादा पशू दृष्टीस पडला की ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न सुशिक्षित प्रेक्षकाच्या तोंडी तत्काळ येतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा त्याच्यापाशी तयार असते. बैल म्हणजे कष्ट, गाय म्हणजे माया, गाढव म्हणजे मूर्खपणा, मेंढरू म्हणजे आंधळे अनुकरण आणि डुक्कर म्हणजे अमंगळपणा, असा एक अलिखित कोश आपण सर्वांनी लहानपणीच पाठ केलेला असतो. हा कोश आपल्याला भाषेने दिला. ‘घाण्याचा बैल’, ‘गरीब गाय’, ‘गाढवापुढे वाचली गीता’ हे बोल ज्यांनी प्रथम उच्चारले त्यांच्या दाराशी ती जनावरे बांधलेली होती. पुढे मंडळी शहरात आली. जनावरे गावी राहिली आणि म्हणी तेवढ्या बरोबर आल्या. परिणाम असा झाला की चित्रातले जनावर आपण पाहत नाही. त्यावर कोशातला शब्द चिकटवतो आणि पुढे जातो.

या सवयीने कलेचे आकलन कितपत होते, हे एका परक्या आणि एका घरच्या उदाहरणाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परके उदाहरण पंधराव्या ते सतराव्या शतकांतील युरोपीय छापचित्रांचे आहे, आणि घरचे, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबादच्या किल्ल्यावरील ‘मेंढा’ तोफेचे. ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल. परंतु या दोहोंच्या मधून एक खरीखुरी ऐतिहासिक वाट जाते, आणि ती आपल्या गोव्यावरून जाते, हे पुढे दिसून येईल.

युरोपात लाकडी ठशांवरून आणि तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून चित्रे छापण्याची कला पंधराव्या शतकात बहरास आली. तोपर्यंत चित्र हे देवळाच्या भिंतीवर अथवा सरदाराच्या वाड्यात असावयाचे; ते आता कागदावर उतरून जत्रेत विकले जाऊ लागले. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही अर्थ लागला पाहिजे, म्हणून चित्रकारांनी सर्वांच्या परिचयाच्या पशूंची मदत घेतली. पशूंच्या स्वभावांवरून धर्मोपदेश करणाऱ्या जुन्या पोथ्यांची परंपरा त्यांच्या पाठीशी होतीच. त्यामुळे पशूंचा एक ठरीव कोश युरोपातही तयार झाला. न्युरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने (१४७१–१५२८) १५०४ साली कोरलेल्या ‘आदम आणि हव्वा’ या प्रसिद्ध चित्रात त्या दोघांच्या पायांशी मांजर, ससा, सांबराच्या जातीचा एल्क आणि बैल असे पशू आहेत. मनुष्याच्या शरीरात चार रस असतात व त्यांवरून चार स्वभाव ठरतात, ही तत्कालीन वैद्यकातील समजूत येथे सूचित केली आहे, असे कलेतिहासकार सांगतात. त्यांत बैलाच्या वाट्याला आली ती कफप्रकृती, म्हणजे जडपणा आणि सुस्ती. पेरणीच्या दिवसांत पहाटेपासून तिफण ओढणारा बैल ज्याने पाहिला आहे, तो मराठवाड्यातील शेतकरी हा अर्थ ऐकून हसल्याशिवाय राहणार नाही.

येथेच कोशाची पहिली अडचण लक्षात येते. पशू तोच, पण अर्थ देशागणिक निराळा. दुसरी अडचण याहून मोठी आहे. एकाच देशात, किंबहुना एकाच काळात, त्याच पशूचे दोन परस्परविरुद्ध अर्थ असतात. १४९४ मध्ये बाझेल येथे सेबास्टियन ब्रांटचे ‘मूर्खांचे जहाज’ हे पुस्तक निघाले. त्यातील लाकडी ठशांच्या चित्रांत मूर्खाच्या टोपीला गाढवाचे कान लावलेले दिसतात. या ठशांपैकी पुष्कळ तरुण ड्यूररचे असावेत असे मानले जाते. पुढे त्याच ड्यूररच्या मेरीचरित्राच्या चित्रमालेत बाल येशूला घेऊन मिसर देशाकडे निघालेल्या मातेला पाठीवर वाहून नेणारे जनावर गाढवच आहे, आणि तेथे त्याच्याकडे पाहून कोणाला हसू येत नाही. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? शिलाहार आणि यादव यांच्या काळातील ‘गद्धेगाळ’ नावाच्या शिळांवर गाढव कोरलेले असते ते दान मोडणाऱ्यास अत्यंत कठोर शाप देण्यासाठी. आणि देवी शीतला त्याच गाढवावर बसते. तेव्हा ‘गाढव म्हणजे अमुक’ हे समीकरण मांडून कोणत्याही चित्राचा उलगडा होणार नाही, हे उघड आहे.

मग प्रतीक उभे राहते ते कशाच्या बळावर? आमच्या मते याचे उत्तर ड्यूररच्याच एका लहानशा ताम्रचित्रात सापडते. सुमारे १४९६ साली त्याने ‘उधळ्या पुत्रा’चा प्रसंग कोरला. बापाची मालमत्ता उधळून देशोधडीस लागलेला मुलगा शेवटी डुकरे राखण्याच्या कामावर राहतो, ही बायबलातील कथा सर्वश्रुत आहे. यहुदी धर्मात डुक्कर निषिद्ध. त्यामुळे अधोगतीची ही परमावधी झाली. कोशाप्रमाणे काम करणाऱ्या कारागिराने येथे किळस यावी अशी डुकरे काढली असती. ड्यूररने तसे केले नाही. त्याने हा प्रसंग दूरच्या पवित्र भूमीतून उचलून जर्मन खेड्यातील एका गोठ्याच्या अंगणात आणला. भोवती उतरत्या छपरांची घरे आहेत. मध्ये डोण आहे. तीत तोंडे खुपसून राठ केसांची, हाडे दिसणारी डुकरे खात आहेत, पिले त्यांच्या पायांत घुटमळत आहेत. आणि त्या घोळक्यात, डोणीच्या अगदी जवळ, तो तरुण हात जोडून गुडघे टेकून बसला आहे. इटलीतील वसारीने या चित्राचा आवर्जून उल्लेख केला, आणि त्यातल्या जर्मन पद्धतीच्या झोपड्यांचीही त्याने वाखाणणी केली.

या चित्रात मर्म कोठे आहे? डुकरे अमंगळ आहेत यात नाही. ती डुकरे आपल्या ठिकाणी समाधानी आहेत. त्यांना खावयाला आहे, पिले आहेत, घर आहे. बेघर आहे तो मनुष्य. चित्रकाराने पशूला तुच्छ केले नाही म्हणूनच माणसाची दुर्दशा आपल्या काळजाला भिडते. प्रतीकाचा अर्थ कथेने पुरवला, हे खरे. परंतु त्या अर्थाला वजन आले ते ज्या हाताने खरी डुकरे पाहून काढली त्या हातामुळे. दीडशे वर्षांनी हॉलंडमध्ये रेम्ब्रान्टने (१६०६–१६६९) १६४३ साली पाय बांधलेल्या डुकरिणीचे अम्लचित्र काढले. तिच्यामागे माणसे आणि मुले आहेत. तिचा शेवट जवळ आला आहे, हे पाहणाऱ्याला कळते. येथे कथा नाही, धर्मोपदेश नाही, प्रतीकाचा हट्टही नाही. तरीसुद्धा मृत्यू आणि घरगुती आनंद एकाच अंगणात कसे नांदतात, हे त्या पडलेल्या जनावराच्या अंगावरील एकेक केस सांगतो. पौलुस पॉटरने १६५० मध्ये गाईबैलांची जी चित्रमाला काढली तिच्याविषयीही हेच म्हणता येईल. त्या गाईंच्या अंगावर देवता नाहीत आणि गळ्यात उपदेशाची पाटी नाही; पण कुरणावर जगणारा एक देश त्यांत आपले मुख पाहू शकला.

आता ही चित्रे आपल्या देशात कशी आली ते पाहू. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्र्यांचे पहिले मंडळ अकबराच्या भेटीस फत्तेपूर शिक्री येथे पोहोचले. त्यांनी बादशहाला जे ग्रंथ नजर केले त्यांत अँटवर्प येथे ख्रिस्तोफ प्लांतँच्या छापखान्यात १५६८ ते १५७२ या काळात छापलेले बहुभाषी बायबल होते. त्याच्या पहिल्या खंडाच्या शीर्षपृष्ठावर पीटर व्हान डर हेडन याने कोरलेले चित्र आहे. एका भव्य कमानीखाली सिंह आणि बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीवर शांतपणे खात आहेत. धर्मराज्यात हिंस्र आणि गरीब पशू एकत्र नांदतील, या यशया नावाच्या प्रवक्त्याच्या भाकिताचे हे चित्र. आणि ज्या स्पेनच्या राजाच्या आश्रयाने ग्रंथ निघाला त्याच्या साम्राज्याची ती प्रशस्तीही होती.

मोगल चित्रशाळेतील कारागिरांनी युरोपीय छापचित्रे किती बारकाईने अभ्यासली याचा पुरावा उपलब्ध आहे. अबुल हसन या चित्रकाराने १६०० च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११ च्या ताम्रचित्रातील संत योहानाची आकृती हुबेहूब उतरवली होती. पुढे जहांगीर आणि शहाजहान यांच्या चित्रांत बादशहाच्या पायांखाली पृथ्वीगोल व त्यावर सिंह आणि कोकरू एकत्र विसावलेले दिसू लागले, त्यामागे अँटवर्पच्या त्या शीर्षपृष्ठाची प्रेरणा असल्याचे काही अभ्यासक मानतात. ही कल्पना येथे सहज रुजली याचे कारण जमीन तयार होती. न्यायी राजाच्या अमलात वाघ आणि शेळी एका घाटावर पाणी पितात, हे वर्णन पूर्वेकडे जुनेच आहे. म्हणजे गव्हाण गेली, बैल आणि लांडगा गळाले, धर्मराज्याचे भाकीत गेले. उरला तो राजाचा न्याय.

पण या प्रवासात कोकराचे काय झाले? सुमारे १६१८ मध्ये त्याच अबुल हसनने जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास यांच्या आलिंगनाचे चित्र काढले. ती भेट प्रत्यक्षात कधी झाली नाही. पृथ्वीगोलावर जहांगीर सिंहावर उभा आहे आणि शाह अब्बास मेंढीवर. दोन्ही जनावरे पहुडलेली आहेत खरी. परंतु सिंहाने आपले अंग असे पसरले आहे की मेंढी पार भूमध्य समुद्राकडे ढकलली गेली आहे. चित्रकाराने हे विनोदाने केले असो वा खुशामतीने, एवढे मात्र स्पष्ट होते की, शांतीचे चिन्ह राजाच्या सेवेस लागले की त्यातील कोकराला स्वतःचे असे काही उरत नाही. ते सिंहाचे औदार्य दाखवण्यापुरते तेथे असते.

ज्या शहाजहानाच्या पायांशी चित्रात सिंह आणि कोकरू नांदत होते, त्याच्याच सैन्याने महाबतखानाच्या हाताखाली १६३३ मध्ये प्रदीर्घ वेढ्यानंतर निजामशाहीकडून दौलताबाद घेतले. आणि त्याच्या मुलाचे, औरंगजेबाचे, नाव ज्या तोफेवर कोरलेले आहे ती म्हणजे किल्ल्यावरील चिनी महालाजवळच्या बुरुजावरची मेंढा तोफ. तिचे कोरलेले नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. घडवणाऱ्याचे नाव महंमद हुसेन अरब. तोफेच्या मागच्या टोकाला वळलेल्या शिंगांचे मेंढ्याचे मुंडके आहे, आणि त्यावरून लोकांनी तिला जे नाव दिले तेच आज सर्वतोमुखी आहे. बादशाही नाव कोरीव अक्षरांतच राहिले.

या मेंढ्याचा अर्थ लावताना दोन मोह होतात. पहिला मोह असा की, मोगल चित्रांतील सिंह-कोकराच्या परंपरेत याला बसवावे. पण तेथील कोकरू निर्बल आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे. हा मेंढा बलाचा आहे. दुसरा मोह असा की, इब्राहिमाच्या कथेतील बळीचा मेंढा येथे पाहावा. ती कथा यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही प्रिय आहे, आणि युरोपातील बायबलाच्या चित्रांत झुडपात शिंगे अडकलेला तो मेंढा नेहमी भेटतो. परंतु बळी जाणाऱ्या पशूचे चिन्ह बळी घेणाऱ्या यंत्रावर कोण कशाला बसवील? कथा ओळखीची आहे एवढ्यावरून ती प्रत्येक मेंढ्याला लागू होत नाही. कोश हाती धरून तोफेकडे जाणाऱ्याची येथे निराशाच व्हावयाची.

उलट, तोफ काय करते आणि मेंढा काय करतो, एवढे ज्याने पाहिले आहे त्याला कोशाची गरज पडत नाही. मेंढ्यांची टक्कर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की मेंढा धडक देण्यापूर्वी मागे सरतो. त्याचे मागे सरणे हीच त्याची तयारी. रोमन लोकांनी तट फोडण्याच्या ओंडक्याला मेंढ्याचेच नाव दिले होते आणि त्याच्या टोकाला मेंढ्याचे लोखंडी मुंडके बसवीत. कारण तो ओंडकाही मागे ओढून पुढे सोडावयाचा असे. मात्र त्या यंत्रात मुंडके शत्रूच्या तटावर जाऊन आदळे. दौलताबादच्या तोफेत ते मागच्या बाजूला आहे. तोफेचे तोंड शत्रूकडे आणि मेंढ्याचे तोंड गोलंदाजाकडे! शत्रूला हा मेंढा दिसण्याचे कारणच नव्हते. तो पाहावयाचा होता बत्ती लावणाऱ्याने, तोफेची निगा राखणाऱ्याने, बुरुजावरच्या पहारेकऱ्याने. बार उडाला की तोफ मागे हिसका देते. तो हिसका ज्या बाजूला जातो तेथे कारागिराने मेंढ्याचे डोके ठेवले. मागे सरून धडक देणाऱ्या जनावराची ही जागा यापेक्षा अधिक अचूक कशी साधली असती, हे आम्हांला सुचत नाही. कारागिराच्या मनात हा सारा विचार स्पष्ट शब्दांत होता असा आमचा दावा नाही. वस्तूची रचनाच तसा अर्थ देते, आणि समीक्षकाला वस्तूपेक्षा मोठा साक्षीदार नसतो.

या तोफेच्या नावातही एक विसंगती आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधले पाहिजे. ‘किल्ला फोडणारी’ ही तोफ बसली आहे ती किल्ल्याच्या आत, त्याच्या रक्षणासाठी. कोरलेले नाव तिच्या आजच्या जागेशी जुळत नाही. लोकांचे नाव तिच्या रूपाशी तंतोतंत जुळते. बादशहाच्या लेखनिकाने पदवी दिली, आणि शेरडेमेंढरे राखणाऱ्या मुलखाने ओळख दिली. दोहोंत टिकली ती ओळख. प्रतीकांच्या बाबतीत सामान्य जन अनेकदा पंडितांहून चांगले समीक्षक ठरतात ते असे.

छापचित्रांचा विषय आपल्याकडे एवढ्यावर संपत नाही. दौलताबादच्या अगदी जवळ कागजीपुरा आहे. तेथे हातकागद बनवण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला. कागद होता, पण घरोघर जाणारे छापील चित्र महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने पसरले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. यंत्रे जर्मन, रंगीत शिळाछापाची विद्या जर्मन. म्हणजे ड्यूररच्या देशाचा आणि आपल्या भिंतींचा संबंध येथे पुन्हा जुळला. या छापखान्याच्या नावाने विकल्या गेलेल्या चित्रांत चौऱ्याऐंशी देवतांच्या गाईचे चित्र सर्वांना परिचित आहे. गाईच्या अंगभर देवता बसलेल्या. खाली तिचे दूध निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांना वाटले जात आहे. आणि समोरून एक पशुमुखी आकृती तलवार उपसून धावून येत आहे.

या चित्रामागील श्रद्धेविषयी आम्हांला आदर आहे, आणि तिच्याशी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. प्रश्न चित्राचा आहे. हे दूध सर्वांचे आहे, हा त्यातील विचार उदार आहे यात शंका नाही. परंतु गाय मात्र येथे नकाशासारखी झाली आहे. तिच्या अंगावर देवतांना इतकी दाटी आहे की तिची कातडी, तिचे थकलेले खूर, वासराकडे वळणारी तिची मान यांना जागाच राहिली नाही. जनावर नाहीसे झाले की चिन्ह मोकळे होते, आणि मोकळे चिन्ह कोणाच्याही हाती लागते. गोरक्षणाच्या चळवळीत अशी चित्रे गावोगाव फिरली. त्या तलवारधारी आकृतीत कोणी कलियुग पाहिले, तर कोणी आपला परधर्मी शेजारी पाहिला. जो कागद सर्वांना दूध वाटत होता, तोच त्यामुळे माणसामाणसांत भिंत घालण्यास उपयोगी पडला. ड्यूररच्या डुकरांवरून अशी भांडणे पेटवणे कठीण. कारण ती डुकरे प्रथम डुकरे आहेत, आणि मग जे काय असतील ते.

कोणी म्हणेल की ही तुलना अन्यायाची आहे. धार्मिक चित्राने निरीक्षण कशाला करावे? त्याचे काम ध्यानाला आधार देण्याचे. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु दौलताबादपासून थोड्याच अंतरावर वेरूळ आहे. तेथे लेण्यांत कोरलेल्या नंदीकडे पाहावे. तो देवाचे वाहन आहे, पूजेचा विषय आहे, आणि तरीही तो बैल आहे. त्याची मान, त्याचे वशिंड, त्याचे बसणे शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. भक्ती आणि निरीक्षण यांचे वैर नाही हे आपल्याच पूर्वजांनी दगडात लिहून ठेवले आहे. वैर आहे ते घाईचे आणि निरीक्षणाचे.

असो. एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट वाचकांना पटावी अशी अपेक्षा आहे. प्रतीकांचा कोश उपयोगी खरा. पण तो शेवटी उघडावयाचा ग्रंथ आहे. आधी जनावर पाहावे, मग ते कोठे ठेवले आहे ते पाहावे, त्याचे तोंड कोणाकडे आहे ते पाहावे, आणि नंतर कोशाला विचारावे. मुलांना घेऊन दौलताबादचा किल्ला पाहावयास जाणारी कुटुंबे पुष्कळ असतात, आणि मेंढा तोफेपाशी ती थांबतातही. तेथे मुलांना ‘मेंढा म्हणजे शक्ती’ असे सांगून पुढे नेण्याऐवजी, मेंढ्याचे डोके तोफेच्या मागे का असावे, एवढेच विचारावे. ज्या मुलाने कधी मेंढ्यांची टक्कर पाहिली असेल ते आपल्याआधी उत्तर देईल. ज्याने पाहिली नसेल त्याला किल्ल्यावरून उतरल्यावर एखादा मेंढा दाखवावा. त्या मुलखात तो सापडणे अवघड नाही.